अभियंत्याची पहिली पाळी कोण शिकवणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

इंजिनिअरिंगच्या कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) फेऱ्या जवळ आल्या की रस्तोरस्ती फलक लागतात. एका कोपऱ्यात ‘शंभर टक्के प्लेसमेंट’, दुसऱ्या कोपऱ्यात ‘उद्याचे लीडर घडवतो’. पहिल्या दाव्याची चिरफाड वर्तमानपत्रांतून दरवर्षी होते. दुसऱ्याच्या वाटेला कोणी जात नाही, कारण लीडर म्हणजे सकाळी सातला नेमके काय करणारा माणूस, हा प्रश्नच कोणी विचारत नाही. तो विचारावा म्हणून हे पत्र.

चाकण, वाळूज, सातपूर, गोकुळ शिरगाव, कुठल्याही वसाहतीतला मध्यम कारखाना घ्या. पदवी हातात आलेला मुलगा किंवा मुलगी तिथे जीईटी (पदवीधर प्रशिक्षणार्थी अभियंता) म्हणून लागते. खात्याखात्यांतून फिरवून झाले की एक लाइन ताब्यात येते. हाताखाली पंधरा-अठरा माणसे: चार-पाच कायम कामगार, बाकी कंत्राटी, दोन-तीन अप्रेंटिस. कायम कामगारांतला एखादा असा, की साहेबाचे वय जेवढे तेवढी त्याची त्याच मशीनवरची नोकरी. या बावीस वर्षांच्या ‘साहेबा’ला त्या सकाळी समाकलन लागत नाही. चार माणसे आलेली नाहीत तर कोणते मशीन बंद ठेवायचे, रात्रपाळीने लाल खुणा लावून ठेवलेल्या चाळीस नगांचे काय करायचे, नव्या पोराला काम कोणी आणि कसे शिकवायचे, आणि मेंटेनन्सवाला ‘येतो’ म्हणून गेला त्याला परत कसा आणायचा, हे लागते. यालाच व्यवस्थापन म्हणतात. पुढच्या मोठ्या खुर्च्यांवरही हेच करायचे असते, फक्त आकडे मोठे होतात.

कागदावर याची सोय नाही असे मुळीच नाही. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या नियामक संस्थेच्या २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात एकूण १६० श्रेयांक आणि त्यांतले १२ मानव्यविद्या, समाजशास्त्रे व व्यवस्थापनाला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्राने आखलेल्या चौकटीत अर्थशास्त्र, व्यवस्थापन आणि उद्योजकता यांना वेगळे श्रेयांक आहेत, प्रत्यक्ष कामाच्या इंटर्नशिपलाही आहेत. अभियांत्रिकी पदव्यांना देशोदेशी मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत २०१४ साली कायम सदस्य झाला. तेव्हापासून एनबीए या राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाचे मूल्यांकन घेणारे प्रत्येक कॉलेज ‘गटात काम करणे’, ‘संवाद’, ‘प्रकल्प व्यवस्थापन व वित्त’ ही आपल्या पदवीधराची लक्षणे म्हणून लिहून देते. लिहून देते कसे, ते सीओ-पीओ मॅपिंगचा (कोणत्या विषयातून कोणते लक्षण किती येते, याचा) तक्ता भरणाऱ्या कुठल्याही प्राध्यापकाला खाजगीत विचारा. विषय आडवे, लक्षणे उभी आणि प्रत्येक चौकोनात ३, २ किंवा १. ‘गटात काम’ या रकान्यात ३ पडतो, कारण प्रॅक्टिकलला चार जण एका टेबलाशी उभे असतात. त्यातला एक हात चालवतो आणि तिघे वाचन उतरवून घेतात, हे तक्त्यात दिसत नाही.

व्यवस्थापनाचा पेपर असतो त्यात फेयॉलची व्यवस्थापनाची १४ तत्त्वे आणि मॅस्लोचा मानवी गरजांचा त्रिकोण असतो. फेयॉल हा स्वतः खाण अभियंता. खाणी चालवता चालवता जे दिसले त्यातून त्याने ती तत्त्वे १९१६ मध्ये मांडली. आपली मुले ती चौदाच्या चौदा पाठ करतात आणि ‘फरक स्पष्ट करा’मध्ये सात गुण घेतात. उरलेली गरज पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटच्या पाहुण्या वक्त्यावर भागवली जाते: डोळ्यांना पट्टी बांधून चालणे, कागदी कपांचा मनोरा रचणे, शेवटी ग्रुप फोटो. दुपार मजेत जाते, त्याबद्दल तक्रार नाही. पण कपांच्या मनोऱ्यात कोणाचा ओव्हरटाइम कापला जात नाही आणि कोणाचे बोटही सापडत नाही.

आता जे शिकवता येते आणि ज्यासाठी नवी इमारत लागत नाही, ते सांगतो.

पहिली गोष्ट पाळीबदलाची. एका पाळीकडून दुसरीकडे काम जाते त्या दहा मिनिटांत निम्मे घोटाळे जन्माला येतात. नव्या इंजिनिअरची नोंद साधारण अशी असते: ‘मशीन नं. ७ बंद. मेंटेनन्सला कळवले.’ पुढच्याने यावरून काय करायचे? कामाची नोंद अशी हवी: मशीन ७ पहाटे ४.२० पासून बंद, स्पिंडलला आवाज, मेंटेनन्समधल्या कोणाला, किती वाजता सांगितले, बेअरिंग स्टोअरमध्ये नाही, खरेदीची मागणी दिली, बंद पडण्याआधीच्या शेवटच्या नगाचे माप काय आले, त्याआधीचे किती नग अडवून ठेवले आणि ते कुठे आहेत. सहा ओळी. यातली शेवटच्या नगाच्या मापाची ओळ सगळ्यांत जास्त विसरली जाते आणि सगळ्यांत महाग पडते. मशीन आधीच माप सोडत होते की नाही हे कळले नाही, तर सगळा डबा पुन्हा मोजावा लागतो.

हे कॉलेजच्या प्रयोगशाळेत करून घेता येते. प्रयोग मध्येच थांबवायचा, गट बदलायचा आणि दुसऱ्या गटाने केवळ पहिल्याच्या नोंदीवरून तो पुढे न्यायचा. बोलायची बंदी. पहिल्या वेळी जवळजवळ सगळे गट अडकतात: शून्याची चूक लिहिलेली नसते, कोणती वजने टाकून झाली ते नसते, ‘वरीलप्रमाणे’ लिहिलेले असते आणि वर काहीच नसते. तिसऱ्या वेळेपर्यंत नोंदी सुधारतात. सत्रात असे तीन प्रयोग पुरे. खर्च काही नाही.

दुसरी गोष्ट शिकवण्याची. पर्यवेक्षकाचा बराच दिवस कोणाला तरी काहीतरी दाखवण्यात जातो आणि ते कसे करायचे हे त्याला कोणी दाखवलेले नसते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत १९४० ते १९४५ या काळात कारखान्यांतल्या फोरमनसाठी एक कार्यक्रम चालला. दोन-दोन तासांच्या पाच बैठका, दहा-दहा जणांचे गट. त्यात शिकवण्याच्या चार पायऱ्या होत्या: शिकणाऱ्याची तयारी करून घ्या, काम दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, नंतर लक्ष ठेवा. युद्ध संपल्यावर अमेरिकेत तो बाजूला पडला. जपानी कंपन्यांनी, त्यांत टोयोटानेही, तो उचलला आणि जपला. त्याचा गाभा एका साध्या कागदात आहे. आज त्यात तीन रकाने असतात. काय करायचे, त्यातली मेख काय, आणि ती का.

पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपमध्ये एम-१० चे (१० मिमी बोल्टचे) आटे हाताने पाडायचा जॉब घ्या. ‘काय करायचे’ या रकान्यात चार-पाच ओळी: पंच मारा, ८.५ मिमीचे भोक पाडा, तोंड थोडे मोठे करा, टॅप (आटे पाडायचे हत्यार) लावा, फिरवा. विद्यार्थी इथेच थांबतो आणि पुढच्याला म्हणतो, ‘टॅप फिरव रे.’ सगळा मामला दुसऱ्या रकान्यात आहे. दोन फेरे झाले की गुण्या लावून टॅप दोन बाजूंनी काटकोनात आहे का ते पाहायचे. मग अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. तेल सोडत राहायचे. तिसरा रकाना कारणांचा: मागे फिरवले की चुरा तुटतो. नाही तर तो दात्यांत अडकतो, टॅप भोकातच मोडतो, आणि मोडलेला टॅप काढायला नवा जॉब करण्यापेक्षा जास्त वेळ जातो. ज्याला ‘का’ कळले, तो घाईच्या दिवशीही पाव फेरा मागे घेतो. ज्याला नुसते ‘काय’ सांगितले, तो सर गेले की सरळ फिरवतो.

आज वर्कशॉपमध्ये मुलगा एकटा कानस घासतो, जॉब दाखवतो, सही घेतो. त्याऐवजी पहिल्या तुकडीने जॉब केला की त्यातल्या प्रत्येकाने दुसऱ्या तुकडीतल्या एकाला तो या तीन रकान्यांवरून शिकवावा आणि जॉबचे निम्मे गुण शिकणाऱ्याच्या जॉबवरून शिकवणाऱ्याला द्यावेत. दुसऱ्याच्या हातून झालेल्या कामावर आपले गुण ठरतात ही चव पहिल्याच वर्षी कळली पाहिजे. पुढचे सगळे आयुष्य तसेच जाणार आहे. वर्कशॉपचे निदेशक याला सुरुवातीला कुरकुरतील, कारण वेळ जास्त लागतो. सहा जॉबऐवजी चार घ्यावेत. कानस घासण्याचा एखादा जॉब कमी झाल्याने देशाचे फारसे बिघडणार नाही.

आकड्यांविषयी थोडे विस्ताराने, कारण इंजिनिअरला इथे घरच्या मैदानावर खेळता यायला हवे आणि नेमका तिथेच तो आरडाओरड्यावर येतो. साडेआठ तासांची पाळी, म्हणजे ५१० मिनिटे. जेवण ३०, दोन चहा मिळून २०, सुरुवातीची बैठक आणि साफसफाई १०. उरली ४५० मिनिटे, २७,००० सेकंद. मागणी ५०० नगांची, म्हणजे दर ५४ सेकंदांना एक नग पडला पाहिजे. आता लाइनवरची पाच मशीन घड्याळ लावून मोजा. चौथ्याला ५८ सेकंद लागतात. २७,००० भागिले ५८, म्हणजे ४६५. कोणी पाणी प्यायलाही उठले नाही तरी ३५ नग कमीच पडणार. नवा साहेब हे गणित न करता पाचही जणांना ‘जरा पटापट’ म्हणत फिरतो. बाकीचे चौघे वेग वाढवतात आणि चौथ्यापुढे अर्धवट मालाचा ढीग लागतो. चौथ्यावरचा माणूस वैतागतो. त्याच्या कामाला तेवढे सेकंद लागतातच. पाचव्यावर काम ४१ सेकंदांचे असेल आणि चौथ्याचा ऑपरेटर सायकल (एका नगावरची मशीनची फेरी) संपल्यावर कडा साफ करण्यात सहा सेकंद घालवत असेल, तर ते सहा सेकंद पाचव्याकडे द्या: चौथा ५२, पाचवा ४७. ओरडणे बंद, नग पूर्ण. हे आठवीच्या भागाकारात बसते, पण चौथ्या मशीनशी घड्याळ घेऊन वीस सायकली उभे राहावे लागते, आणि तेवढा धीर शिकवावा लागतो. एक सूचना: घड्याळ हातात घेण्याआधी समोरच्याला कारण सांगा. न सांगता मोजायला लागलात तर तो सायकल लांबवतो, आणि त्याच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही लांबवली असती.

पैशाचेही तसेच. कास्टिंग (ओतीव भाग) १८० रुपयांचे, त्यावर प्रत्येकी २५ रुपयांच्या चार क्रिया, विक्री ३०० ला. नगामागे सुटतात २० रुपये. चारही क्रिया झाल्यावर नग बाद झाला तर २८० गेले, भंगाराचे ४० आले, खड्डा २४० चा. तो भरायला बारा चांगले नग विकावे लागतात. तोच दोष पहिल्या क्रियेनंतर पकडला तर खड्डा १६५ चा, म्हणजे आठ-नऊ नगांचा. तपासणी शेवटी ठेवायची की सुरुवातीला, हा वाद या दोन ओळींत मिटतो. अंतिम वर्षाचा विद्यार्थी बीमचा वाकाव चार दशांश स्थळांपर्यंत काढतो आणि त्याच बीमचा किलोचा भाव विचारला की गप्प होतो. प्रत्येक डिझाइनच्या सबमिशनला एक पान किमतीचे जोडायला लावा, भाव बाजारातून फोन करून आणलेला. वहीतून उतरवलेला भाव लगेच ओळखू येतो. तो गोल असतो.

आता प्रोजेक्ट. नेतृत्व शिकवायची चार वर्षांतली सगळ्यांत मोठी संधी हीच, आणि सगळ्यांत जास्त वाया जाणारीही हीच. आज काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. पहिले दोन महिने विषय ठरण्यात जातात. मग सिनॉप्सिस, म्हणजे विषयाचा सारांश. मग शांतता. शेवटच्या महिन्यात साहित्याची पळापळ, एखाद्या फॅब्रिकेटरकडून ‘करून घेणे’ आणि ब्लॅक बुकचे, म्हणजे अंतिम अहवालाचे बाइंडिंग. चौघांपैकी एकाने काम केलेले असते. ते गाइडला माहीत असते, व्हायव्हा (तोंडी परीक्षा) घेणाऱ्यालाही कळते, गुण मात्र चौघांना सारखे. मुलगी गटात असेल तर रिपोर्ट लिहायचे काम बहुधा तिच्याकडे आणि वेल्डिंगचा चष्मा मुलांकडे. मग तीच मुलगी मुलाखतीला जाते आणि ‘तुम्ही स्वतः काय केलं?’ या प्रश्नाला अडखळते.

दोन सत्रांचे मिळून अठ्ठावीस आठवडे धरा. चार भूमिका: सूत्रधार, खरेदी व हिशेब, जोडणी व निर्मिती, चाचणी व नोंदी. सात आठवड्यांनी भूमिका बदलायच्या. वर्षअखेर प्रत्येकाने चारही केलेल्या असतात, आणि रिपोर्ट कोणा एकीच्या गळ्यात राहत नाही. भूमिका बदलताना लेखी हस्तांतर, वर सांगितलेल्या पाळीच्या वहीसारखेच.

तिसऱ्या आठवड्यापर्यंत कामांची यादी: चाळीसच्या आसपास कामे, प्रत्येकापुढे एकच नाव, कोणतेही काम एका आठवड्याहून मोठे नाही. पहिल्या यादीत हमखास ‘डिझाइन करणे’ अशी ओळ येते. ती परत पाठवा. शाफ्टचा व्यास काढणे, बेअरिंग निवडणे, फ्रेमचे रेखाचित्र काढणे अशा तिच्या ओळी पडल्या पाहिजेत. एका कामापुढे दोन नावे लिहिलीत तर ते कोणाचेच नाही. प्रगती मोजताना काम झाले तर शंभर, नाही तर शून्य, अधेमधे काही नाही. ‘नव्वद टक्के झालंय सर’ हे वाक्य सलग पाच आठवडे ऐकू येऊ शकते. उरलेल्या दहा टक्क्यांतच सगळे काम असते.

विकत आणायच्या वस्तूंची यादी वेगळी, प्रत्येकीपुढे मिळायला लागणारे दिवस. मोटर तीन आठवड्यांनी येणार असेल तर ती कधी मागवायची हे जोडणीच्या तारखेपासून मागे मोजत ठरते. बहुतेक गट पुढे मोजतात: आधी सगळे डिझाइन होऊ दे, मग मागवू. तिथेच वर्ष हुकते. प्रकल्पाला वीस हजार जमवले असतील तर दोन हजार सुरुवातीलाच बाजूला ठेवा, बाकी अठरा हजारांचा हिशेब बांधा. दहाव्या आठवड्याला दोन आकडे शेजारी मांडा: चाळीसपैकी तेरा कामे पूर्ण, वीस हजारांपैकी बारा हजार खर्च. कामाचा तिसरा हिस्साही झालेला नाही आणि पैसा साठ टक्के गेला. हे दिसल्यावर प्रकल्पातून काय वगळायचे ते गटाने ठरवायचे आणि गाइडपुढे मांडायचे. हा निर्णय घेणे म्हणजेच प्रकल्प व्यवस्थापन. बाकी तक्ते कोणीही भरेल.

बैठक आठवड्याला एक, पंधरा मिनिटांची. वहीत तीन रकाने: काय, कोण, कधीपर्यंत. एका गाइडकडे पाच गट असले तर आठवड्याचे सव्वा तास होतात. ‘वेळ कुठून आणायचा’ म्हणणाऱ्यांनी शेवटच्या महिन्यात याच गटांवर किती संध्याकाळी जातात ते आठवावे.

सारखे गुण बंद करायचे तर तेही काळजीने. प्रत्येकाने स्वतःला सोडून बाकी तिघांत शंभर गुण वाटायचे, सत्रातून दोनदा. गटाचे गुण त्यावरून प्रत्येकासाठी थोडे वरखाली करायचे, पण मर्यादेत, समजा ०.८ ते १.१ पट. मर्यादा नसेल तर भांडणे होतात आणि दोघे मिळून तिसऱ्याला पाडतात. मर्यादा असूनही मुले संगनमत करून सर्वांना सारखे देतातच. तेव्हा वही उघडायची: चाळीस कामांपैकी चौदा एकाच्या नावापुढे आणि तीन दुसऱ्याच्या, तर समान वाटप गाइडने नाकारावे. कामचुकाराचे नाव सहाव्या आठवड्यात पुढे आले पाहिजे. व्हायव्हाच्या दिवशी ते कळून उपयोग नाही. सूत्रधाराने आधी एकांतात बोलायचे, मग वहीत लिहायचे, मग गाइडकडे जायचे. या क्रमाला आपली मुले फार भितात, मैत्री तुटेल म्हणून. तो क्रम चुकवतात आणि शेवटी मैत्री तुटतेच.

बोलणे हा त्यातला अवघड भाग आहे. वयाने दुप्पट माणसाला चूक कशी दाखवायची? वर्गात दोघांना समोरासमोर बसवून हे करून घेता येते. तीस नग बाद झाले आहेत. पहिला प्रयत्न बहुतेकांचा असा: ‘काय हो काका, रोज तेच! लक्ष कुठे असतं तुमचं?’ तेही चारचौघांत. काका मान डोलावतात, आणि पुढच्या वेळी बाद नग डब्याच्या तळाशी जातात. दुसरा प्रयत्न, बाजूला घेऊन: ‘काका, या तीस नगांत बोअर (आतले भोक) मोठा आलाय. सगळे दहा ते साडेअकराच्या मधले आहेत. तेव्हा इन्सर्ट (कापायची पाती) बदलला होता का?’ यात आरोप नाही, वेळ आहे, माप आहे, आणि उत्तर द्यायला जागा आहे. वर सांगितलेल्या फोरमनच्या कार्यक्रमात यासाठीही चार पायऱ्या होत्या: आधी माहिती गोळा करा, तोलून ठरवा, कृती करा, परिणाम तपासा. पहिलीच पायरी टाळली जाते.

आणि आपल्या अधिकारात नसलेले कबूल करू नये. ‘रविवारी या, सोमवारी सुट्टी देतो’ असे सांगून मोकळा होणारा नवा पर्यवेक्षक एचआरशी आणि युनियनशी एकाच वेळी भांडण ओढवून घेतो. जादा कामाचा मोबदला दुप्पट दराने असतो, तो कोणाच्या सहीने मिळतो, कंत्राटी कामगाराचा मालक कोण, एवढे तरी पदवी घेताना माहीत हवे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता देशात लागू झाल्या आहेत. तेव्हा औद्योगिक कायद्याच्या नोट्समध्ये अजून १९४८ चा कारखाने अधिनियमच लागू म्हणून शिकवला जात असेल तर त्या बदलून घ्याव्यात.

भाषेचा एक गैरसमज इथेच मोडावासा वाटतो. मराठी माध्यमातून आलेली मुले इंग्रजीच्या भीतीने चार वर्षे मागच्या बाकावर काढतात. इंग्रजी लागते, अहवालाला आणि ग्राहकाला लागते, ते शिकावेच. पण कामाच्या जागी माणूस जोडायला त्यांच्याकडची मराठी आणि बिहार-ओडिशातून आलेल्या पोरांशी बोलायची हिंदी हे भांडवल आहे. मशीनवर लावायची एका पानाची सूचना मराठीत आणि हिंदीत, चित्रासह, ऑपरेटरला न विचारता कळेल अशी लिहिणे, याला गुण ठेवा. शहरी इंग्रजी माध्यमाची मुले इथे घामाघूम होतील.

कॉम्प्युटरच्या मुलांना हे लागू नाही असे कोणी समजू नये. तिथे मशीनच्या जागी कोड आहे, एवढेच. प्रत्येक कामाआधी ‘किती तास लागतील’ ते लिहायचे, झाल्यावर किती लागले ते शेजारी. सत्रभर हे केले की स्वतःचा अंदाज किती पटीने चुकतो ते कळते. पहिल्या नोकरीत तारीख कबूल करताना ते एकच ज्ञान कामी येते.

कॉलेजांत चांगले नमुने नाहीत असे नाही. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजचा रेगाटा (होड्यांचा उत्सव) विद्यार्थी उभा करतात: होड्या, सराव, तिकिटे, सुरक्षितता, सगळे. बाहा एसएईसारख्या, खडबडीत रस्त्यांवरची गाडी बनवायच्या स्पर्धांना उतरणारे संघ गाडी बांधतात, प्रायोजक शोधतात, तांत्रिक तपासणीला सामोरे जातात. तिथे मुले जे शिकतात ते वर्गात मिळत नाही. दोन उणिवा मात्र सगळीकडे आढळतात. एक, साठ-सत्तर जणांच्या तुकडीत असा संघ वीस जणांचा, बाकीचे बघे. दोन, मे महिन्यात अंतिम वर्ष निघून जाते आणि त्याच्याबरोबर सगळे शहाणपणही. नवा संघ ऑगस्टमध्ये तीच ब्रॅकेट त्याच ठिकाणी मोडतो. निघताना दहा पानांचे हस्तांतर लिहिल्याशिवाय प्रमाणपत्र द्यायचे नाही, इतका साधा नियम पुरेल. काय मोडले, का मोडले, कोणत्या पुरवठादाराने तारीख पाळली.

अधिकार खाली सोपवल्याशिवाय माणसे तयार होत नाहीत, याचे आपल्या मातीतले उदाहरण कोकण रेल्वेचे आहे. रोहा ते ठोकूर हा सातशे चाळीसहून थोडा अधिक किलोमीटरचा मार्ग ई. श्रीधरन यांनी सात विभागांत वाटला, प्रत्येकावर एक मुख्य अभियंता नेमला आणि निर्णय तिथेच व्हावेत अशी रचना केली. पेडण्याच्या मऊ मातीच्या बोगद्याने सगळ्यांना छळले, तरी २६ जानेवारी १९९८ ला संपूर्ण मार्ग खुला झाला. अभियांत्रिकीच्या व्यवस्थापनाच्या पेपरला फेयॉलशेजारी या मार्गाची रचना, खर्च, वेळापत्रक आणि चुका शिकवायला काय हरकत आहे? मुले त्याच गाडीने गणपतीला जातात.

हे शिकवणार कोण, हा रास्त आक्षेप आहे. एम.टेक. झाल्यावर थेट शिकवायला लागलेल्या प्राध्यापकाने पाळी पाहिलेली नसते, आणि तो त्याचा दोष नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची वाट मोकळी केली: किमान पंधरा वर्षांचा अनुभव, मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत. कॉलेजे ही जागा बहुधा उपाध्यक्ष, संचालक अशा बड्या हुद्द्याच्या माणसाला देतात आणि वर्षाकाठी दोन भाषणे पदरात पाडून घेतात. ती जागा तीस वर्षे लाइन चालवलेल्या प्रॉडक्शन मॅनेजरला द्या, भाषण करू देऊ नका, वर्कशॉप आणि प्रोजेक्टच्या बैठका त्याच्याकडे सोपवा. त्याला पीपीटी करता येणार नाही कदाचित. दुसरीकडे, तरुण प्राध्यापकांना उन्हाळ्यात तीन आठवडे कारखान्यात पाठवा, पाहणीला नव्हे तर एका लाइनची पाळीची वही लिहायला.

अप्रेंटिसशिपचाही विचार व्हावा. १९६१ च्या कायद्यात १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर आणि पदविकाधारक अभियंते आले, एक वर्षाची सोय आहे. पण पालक तिला ‘नोकरी मिळाली नाही म्हणून’ समजतात आणि कंपन्या स्वस्त हात म्हणून वापरतात. त्या वर्षात पहिले चार महिने ऑपरेटरच्या शेजारी, पुढचे चार दर्जा आणि देखभाल यांत, शेवटचे चार पर्यवेक्षकाच्या हाताखाली, अशी लेखी आखणी असेल तरच सही करावी.

प्रवेशाला कॉलेज पाहायला जाणाऱ्या पालकांसाठी एक. प्लेसमेंटचा फलक वाचून झाला की विभागात जा आणि गेल्या वर्षीच्या कोणत्याही एका गटाची प्रोजेक्टची वही मागा. ब्लॅक बुक पुढे करतील, ते नको म्हणा. आठवड्याच्या बैठकांची वही. मिळाली तर पाने चाळा: तारखा वेगवेगळ्या शाईत आणि वेगवेगळ्या हातांच्या आहेत, की सगळ्या बैठका एका रात्री, एकाच पेनाने, एकाच अक्षरात उरकलेल्या आहेत, ते पाहा.

आपले,
उत्पादन, दर्जा व देखभाल विभागांत काम केलेले काही अभियंते आणि कार्यशाळा निदेशक,
पिंपरी-चिंचवड